छातीला कान लावणारे साईं

फुटबॉल शिकवणारा माणूस आधी चेंडू आणतो, अशी माझी भाबडी समजूत होती. साईंनी मला आधी सदरा काढायला लावला. मग तो उंच, किडकिडीत, पांढऱ्या मिशांचा गृहस्थ माझ्यासमोर गुडघे टेकून बसला, त्याने आपला उजवा कान माझ्या छातीवर ठेवला आणि डोळे मिटून घेतले. माझ्या मागे बाकीची पोरं सदरे हातात धरून रांगेत उभी होती. आपण टीममध्ये भरती व्हायला आलोय की देवी टोचून घ्यायला, हेच मला कळेना. बऱ्याच वेळाने ते उठले. "डर रहा है," एवढंच म्हणाले. "कल फिर आना."

दुसऱ्या दिवशी मी गेलो, कारण चेंडू त्यांच्याकडेच होता. अंबरनाथपासून बदलापूरपर्यंत आम्हा पोरांच्या माहितीत चामड्याचा खरा फुटबॉल तो एकच. बाकी सगळीकडे चिंध्यांचा चेंडू किंवा नुसतीच भांडणं.

ही एकोणीसशे पन्नासच्या आसपासची गोष्ट. फाळणीत सिंधमधून आलेल्या लोकांना कल्याणजवळच्या जुन्या लष्करी छावणीत जागा दिली होती. त्या वस्तीला उल्हासनगर असं छानदार नाव नुकतंच मिळालं होतं, पण आम्ही तिला कॅम्पच म्हणायचो. साईं तिथल्या एका बराकीत राहत. लांबच लांब बराक, मध्ये गोणपाटाचे पडदे आणि प्रत्येक पडद्यामागे एक कुटुंब. दिवसभर ते मेव्हण्याच्या कापडाच्या दुकानात बसत आणि गिऱ्हाइकांना कंटाळत. संध्याकाळी कॅम्प आणि अंबरनाथ यांच्यामधल्या माळावर येऊन आम्हाला शिकवत. सिंधमध्ये ते शाळेत ड्रिलमास्तर होते. गाव कोणतं, असं विचारलं की दर वेळी वेगळं नाव सांगत, म्हणून पुढे आम्ही विचारणं सोडून दिलं. कॅम्पातली पोरं त्यांना साईं म्हणत, म्हणून आम्हीही साईं म्हणू लागलो.

आमची टीम म्हणजे खिचडी होती. निम्मी पोरं कॅम्पातली, माझ्यासारखी चार-पाच अंबरनाथच्या कारकुनांची, आणि बदलापूरकडून येणारा एकटा जोमा. साईंचं मराठी म्हणजे हिंदीला लावलेली दोन-तीन ठिगळं. त्यांचं आवडतं वाक्य होतं, "पहले दिल, पीछे गोल." गोल मारला तर ते टाळी वाजवत नसत. गोल मारून आलेल्या पोराला थांबवून त्याच्या छातीला कान लावत. समोरच्या टीमची पोरं फिदीफिदी हसत आणि आम्हाला मेल्याहून मेल्यासारखं होई.

सिंधमधून निघताना लोकांनी दागिने आणले, देव आणले, भांडी आणली. साईंनी गजराचं घड्याळ आणलं. ते मैदानावर विटेवर ठेवायचं आणि त्याच्याकडे बघत आमचे ठोके मोजायचे, असा रोजचा विधी होता. घड्याळाचं डोकंही मालकासारखंच होतं. ते मनाला येईल तेव्हा वाजायचं, मग साईंची मोजणी चुकायची आणि पोराला पुन्हा उभं राहावं लागायचं. त्यांच्या बायकोला, म्हणजे आमच्या अम्मांना, ते घड्याळ अजिबात आवडत नसे. आपली शिलाईची मशीन तिथे राहिली आणि हे ठणाणणारं डबडं मात्र इथे आलं, असं त्या आम्हाला ऐकवत. अम्मा बदाम आणि खसखस वाटून थादल नावाचं थंडगार पेय करत. "यह आदमी पागल है, बेटा," त्या पेला हातात देताना म्हणत, "पर तुम थादल पीके जाओ." साईं बाजूलाच बसलेले असत आणि बायकोचं म्हणणं मान्य असल्यासारखी मान डोलवत.

पागल नसतील, पण गोंधळलेले नक्की होते. एका महिन्यात त्यांचं फर्मान निघे की धावताना पाण्याचा थेंब घ्यायचा नाही, पाण्याने काळीज जड होतं. पुढच्या महिन्यात प्रत्येक फेरीला पाणी प्यायचं, नाहीतर रक्त घट्ट होतं. कधी उठाबशा, कधी दोरीच्या उड्या. एकदा तर त्यांनी अख्खी संध्याकाळ आम्हाला माळावर उताणं झोपवून ठेवलं आणि स्वतः एकेकाच्या छातीशी वाकत फिरत राहिले. येणारेजाणारे थांबून विचारू लागले की पोरांना काय झालं. आम्ही फुटबॉल शिकतोय, असं सांगायची कुणाची छाती झाली नाही.

त्यांना एकच गोष्ट हवी होती. वाढत्या पोराचं काळीज कशाने मजबूत होतं, सावकाश आणि लांब धावल्याने, की जोरात आणि थोडं धावल्याने, हे त्यांना ठरवायचं होतं. का ठरवायचं होतं, ते कुणाला माहीत नव्हतं. मी माझ्या वडिलांना विचारलं, तर ते म्हणाले की अभ्यासाने डोकं मजबूत होतं, तेवढं बघ.

तर या शोधासाठी साईंनी टीमचे दोन भाग केले, लंबे आणि छोटे. लंब्यांनी माळावरून निघायचं, अंबरनाथच्या जुन्या शंकराच्या देवळाला वळसा घालायचा आणि न थांबता परत यायचं. छोट्यांनी माळ सोडायचा नाही. एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत जीव खाऊन पळायचं, चालत परत यायचं, पुन्हा पळायचं. चेंडू दोघांनाही सारखाच. दिवाळीपर्यंत कुणी भाग बदलायचा नाही आणि शेवटी कान सांगेल ते खरं.

मी लंबा होतो. आता खरं सांगायचं तर लंब्यांपैकी देवळापर्यंत धावलेला माणूस मला आठवत नाही. वळणापलीकडे साईंना दिसत नसे. तिथे चिंचेखाली आम्ही बसायचो, कधी गवताची बैलगाडी मिळाली तर तिच्यावर लोळायचो आणि परत येताना शेवटच्या टप्प्यात धापा टाकायचो. मला त्याचं आजही वाईट वाटत नाही. त्या उन्हात कोण धावणार?

जोमा छोट्यांमध्ये होता. बदलापूरच्या पूर्वेला शिरगाव, त्याच्याही पुढे डोंगराच्या अंगाला त्याचं घर. वडील भाताची शेती करत आणि पावसाळा संपला की जंगलात लाकूड तोडायला जात. जोमा आमच्या शाळेत होता, पण बोलायचा कमी. डाव्या बाजूने, लेफ्ट आउटला, तो चेंडू घेऊन निघाला की आम्ही बघे होऊन जायचो. त्याला दम लागलेला मी कधी पाहिला नाही.

दिवाळी झाली आणि साईंनी सगळ्यांचे ठोके मोजले. आम्हा लंब्यांची काळजं, जशी असायला हवी होती तशीच, आळशी पोरांची निघाली. जिना चढलं तरी धडधडणारी. छोट्यांची थोडी बरी. जोमाचे ठोके मात्र सगळ्यांत सावकाश आणि ठणठणीत. साईंना इतका आनंद झाला की त्यांनी विटेवरचं घड्याळ उचलून छातीशी धरलं. लांब धावणं चूक, थोडं आणि जोरात धावणं बरोबर, असा निकाल त्यांनी तिथल्या तिथे लावला. त्या दिवसापासून देवळाचा वळसा बंद झाला. आम्हाला चिंचेची सावली गमावल्याचं दुःख झालं, एवढाच त्या शोधाचा परिणाम.

आनंद आठवडाभरही टिकला नाही. जोमाचं काळीज ऐकायचा त्यांना नादच लागला. येता-जाता त्याला थांबवत. आणि एका संध्याकाळी त्यांचा चेहरा उतरला. ठोके फारच सावकाश होते. कधीकधी एक ठोका पडल्यावर पुढचा येतो की नाही असं वाटावं, इतकी मध्ये जागा होती. त्यांनी पुन्हा ऐकलं, मग मला ऐकायला लावलं. मी कान लावला. मला जोमाच्या अंगाचा लाकडाच्या धुराचा वास आला आणि आत कुणीतरी सावकाश दार ठोठावतंय असं ऐकू आलं. यात चांगलं काय आणि वाईट काय, ते मला कसं कळणार?

साईं त्याला कॅम्पातल्या डॉक्टरकडे घेऊन गेले. डॉक्टरांनी नळी लावली, पाठीवर टकटक केलं आणि काळीज वाढलंय, खेळ बंद, असं सांगून गोळ्या दिल्या. मग साईं त्याला, बरोबर मलाही घेऊन, कल्याणच्या एका म्हाताऱ्या डॉक्टरकडे गेले. त्यांनीही काळीज वाढलंय हेच सांगितलं, पण हसत सांगितलं. मेहनती पोरांचं वाढतंच, खुशाल पळू द्या, असं त्यांचं म्हणणं पडलं. परत येताना साईंनी मला विचारलं की तुला कोणता डॉक्टर खरा वाटतो. मी गोंधळून म्हणालो, कल्याणचा, कारण त्याने गोळी दिली नाही. त्यांनी यावर गंभीरपणे विचार केला.

हे सगळं एरवी गमतीतच गेलं असतं, पण मध्ये कारखान्याचा सामना होता. अंबरनाथच्या एका कारखान्याचा साहेब दर थंडीत आपल्या शिकाऊ पोरांचा सामना बाहेरच्या टीमशी लावायचा आणि बाहेरच्यांपैकी एखादा चांगला खेळला तर त्याला कारखान्यात शिकाऊ म्हणून घ्यायचा. आम्हा कारकुनांच्या पोरांना त्याचं फार अप्रूप नव्हतं. जोमाला होतं. त्याचा थोरला भाऊ लाकूड तोडताना पायावर घाव बसून घरी बसला होता आणि यंदा जोमाने जंगलात जायचं, असं घरात ठरत होतं. कारखान्यात जागा मिळाली तर शाळेनंतरचं आयुष्य वेगळं होणार होतं. हे त्याने मला एकदाच सांगितलं आणि तेही दुसरीकडे बघत.

साईंनी सांगितलं, तू खेळणार नाहीस. दुसऱ्या दिवशी सांगितलं, खेळशील. तिसऱ्या दिवशी सांगितलं, विचार करतो. जोमा तिन्ही वेळा नुसता हो म्हणाला. मला मात्र साईंचा मनापासून राग आला. एखाद्याचं भलं करायचं तर करावं, नाही तर निदान एका बाजूला तरी राहावं.

शेवटी एका रविवारी ते मला म्हणाले की जोमाच्या बापाला भेटायचंय आणि तू दुभाषा म्हणून चल. बदलापूर स्टेशनवर जोमा आम्हाला घ्यायला आला होता. तिथून चालत निघालो. शिरगाव गेलं, भाताची कापलेली शेतं गेली, वाट चढू लागली, तरी घर काही येईना. साईंच्या अंगाला घाम फुटला. एका बांधावर थांबून त्यांनी मला विचारलं की हा पोरगा रोज संध्याकाळी एवढ्या लांब परत कसा जातो. मी जोमाला विचारलं.

"पलत," जोमा म्हणाला.

बदलापुरापासून का, असं साईंनी विचारायला लावलं. नाही, माळापासून. रुळाच्या कडेच्या वाटेने, थेट घरापर्यंत. सकाळी शाळेतही तसंच. कधीपासून, तर शाळेत घातल्यापासून. यात सांगण्यासारखं काही आहे असं जोमाला वाटलंच नव्हतं आणि त्याला कुणी विचारलंही नव्हतं. साईंनी ज्याला लांब धावायचं नाही म्हणून माळावर ठेवला होता, तो एकटाच रोज लांब धावत होता. ज्यांना धावायला पाठवलं होतं ते चिंचेखाली होते.

साईं बांधावर बसले आणि हसायला लागले. इतके हसले की डोळे पुसावे लागले. मी मनात म्हटलं, सुटला बिचारा जोमा. पळून पळून ठोके सावकाश झालेत, यात भिण्यासारखं काय राहिलं? पण हसणं थांबलं आणि ते जमिनीकडे बघत म्हणाले, "वह भी तो दौड़ता था." तो म्हणजे कोण, ते मला कळलं नाही.

ते जोमाच्या अंगणात कळलं. जोमाचे वडील कमरेला कोयता लावलेले, काटक, अबोल गृहस्थ होते. त्यांनी आम्हाला घोंगडीवर बसवलं, कोरा चहा दिला आणि मास्तर घरी आले म्हणजे पोराने काहीतरी केलं असणार, अशा नजरेने जोमाकडे पाहिलं. साईं बोलू लागले आणि मी एकेक वाक्य मराठीत सांगू लागलो. सिंधमध्ये माझ्या शाळेच्या टीममध्ये एक पोरगा होता. याच्याच वयाचा. त्याचेही ठोके असेच सावकाश होते. मी त्याला रोज लांब धावायला लावत होतो. एका सकाळी तो माझ्यासमोर धावता धावता पडला. तो उठलाच नाही. हे शेवटचं वाक्य मराठीत सांगताना माझी जीभ अडखळली, कारण जोमा शेजारीच बसला होता. धावण्याने तो गेला, की धावत होता म्हणून तोपर्यंत जगला, हे मला आजपर्यंत समजलेलं नाही, असं साईं म्हणाले.

जोमाच्या वडिलांनी सगळं ऐकून घेतलं. मग मला म्हणाले, "मंग हे मला कशाला इचारतान? ते मास्तर हायेत."

मी ते साईंना सांगितलं. साईं म्हणाले, "उसके बाप से मैंने नहीं पूछा था."

मग वडिलांनी विचारलं, पोर घरी बसलं तर वाचेल का? साईं म्हणाले, मालूम नहीं. पळालं तर मरेल का? मालूम नहीं. डॉक्टरला तरी ठाऊक आहे का? एक हां बोलता है, एक ना बोलता है. मी हे उलटसुलट पोहोचवत होतो आणि माझ्या डोक्याचा भुगा होत होता. मोठ्या माणसांना एवढं काही माहीत नसतं, हे मला तोवर ठाऊक नव्हतं आणि खरं सांगतो, त्या अंगणात मला भीती वाटली.

वडिलांनी जोमाकडे पाहिलं. त्याला काय हवंय ते विचारलं नाही, ते दिसतच होतं. मग ते उठले आणि म्हणाले, "खेलू दे. मी येतो त्या दिशी."

माझा जावई आज हृदयाचा डॉक्टर आहे. त्याला मी एकदा हे सगळं सांगून विचारलं की बाबा रे, लंबे बरोबर की छोटे? त्याने अर्धा तास समजावलं. दोन्हीने काळीज वाढतं, वेगवेगळ्या तऱ्हेने वाढतं, बहुतेकांना चांगलंच असतं, पण एखाद्याच्या काळजात जन्मापासूनच काही खोट असते आणि ती वरवरच्या तपासणीत दिसेलच असं नाही. मग आता तुम्ही यंत्राने बघता ना, असं मी म्हटलं. बघतो, तो म्हणाला, पण तरीही. त्या 'पण तरीही'पाशी येऊन मला साईंची इतकी आठवण आली की पुढचं मी ऐकलंच नाही.

सामन्याच्या दिवशी कारखान्याच्या फाटकावर जोमाच्या वडिलांचा कोयता पहारेकऱ्याने ठेवून घेतला. त्यामुळे ते कंबर चाचपत आत आले. मैदानाच्या एका बाजूला कारखान्याची उंच भिंत होती. साईं तिथे उभे राहिले. आमच्या सगळ्यांच्या छात्या त्यांनी ऐकल्या, पण जोमाची ऐकली नाही. त्याच्या खांद्यावर नुसता हात ठेवला आणि काढून घेतला.

शिट्टी झाली आणि साईंनी मैदानाकडे पाठ फिरवली. त्यांना बघवणार नव्हतं. तोंड भिंतीकडे, हात मागे बांधलेले, आणि शेजारी मैदानाकडे तोंड करून जोमाचे वडील. आदल्या संध्याकाळी साईंनी मला विचारून दोन शब्द पाठ केले होते, पलतंय आणि थांबलंय. वडिलांनी तेवढंच सांगायचं, असं त्यांचं ठरलं होतं. फुटबॉल हा काय प्रकार आहे हे त्या माणसाला ठाऊक नव्हतं आणि जाणून घ्यायची इच्छाही दिसली नाही.

मी राइट हाफ होतो. पहिल्या अर्ध्या वेळात मी मैदानाच्या पलीकडच्या बाजूला होतो, तेव्हा मला काही ऐकू आलं नाही. कारखान्याच्या पोरांनी आमच्यावर एक गोल चढवला. मध्यंतरात साहेबांनी जोमाला जवळ बोलावून त्याचं नाव आणि गाव विचारलं. ते आम्ही सगळ्यांनी पाहिलं. साईंनी पाहिलं नाही, ते भिंतीकडेच बघत होते. अम्मांनी पाठवलेल्या थादलचा तांब्या त्यांच्या पायाशी तसाच होता.

मग बाजू बदलल्या आणि मी भिंतीजवळ आलो. आता मला जोमाच्या वडिलांचा आवाज ऐकू येऊ लागला. गुरांमागे चालताना बोलावं तशा एकसुरी आवाजात ते सांगत होते, "पलतंय. पलतंय. थांबलंय." 'थांबलंय' म्हटलं की साईंचे मागे बांधलेले हात एकमेकांना घट्ट आवळायचे. चेंडू बाहेर गेला म्हणून जोमा थांबला होता, पण ते वडिलांना सांगता येत नव्हतं आणि साईंना बघवत नव्हतं. "पलतंय," वडील म्हणायचे आणि हात सैल व्हायचे. माझ्याकडून चेंडू दोनदा निसटला, कारण माझं लक्ष त्या हातांकडे होतं.

खेळ संपत आला तेव्हा जोमाला पलीकडच्या कडेला चेंडू मिळाला. त्याने एकाला चकवलं, दुसऱ्याला मागे टाकलं आणि आमच्यातलं कुणीच त्याच्या बरोबरीने पोहोचू शकणार नाही हे दिसल्यावर तो एकटाच आत वळला. चेंडू जाळ्यात गेला. सगळं मैदान ओरडलं. कारखान्याची माणसंसुद्धा ओरडली, कॅम्पातली पोरं आत धावली आणि मीही धावणार होतो, तेवढ्यात मागून साईंचा घाबरलेला आवाज आला.

"क्या हुआ? क्या हुआ उसको?"

जोमाच्या वडिलांनी एवढ्या आरडाओरड्यात शांतपणे आपल्या पोराकडे पाहिलं. तो हात वर करून परत येत होता.

"काय नाय," ते म्हणाले. "पलतंय."

साईंनी कपाळ भिंतीला टेकलं आणि तसेच उभे राहिले.